सीएचओ आणि एचईके पेशींतून रीकॉम्बिनंट प्रथिनाचे उत्पादन कसे वाढवावे

सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या बीजकोशातील) किंवा एचईके (मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातील) पेशींत बाहेरचे जनुक घालून बनवलेले, म्हणजे रीकॉम्बिनंट, प्रथिन अपेक्षेपेक्षा कमी मिळू लागले की प्रयोगशाळेतला पहिला हात केटलॉगकडे जातो. नवे माध्यम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रव), नवे फीड (मध्ये मध्ये द्यायचे जादा पोषण), एखादा महागडा ‘बूस्टर’ मागवला जातो, तो येईपर्यंत महिना निघून जातो आणि मग लक्षात येते की दोष माध्यमात नव्हताच. तो व्हेक्टरमध्ये (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएत) होता, मायकोप्लाझ्मात (कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूत) होता किंवा भर दुपारी गेलेल्या विजेत होता. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर येथील महाविद्यालयीन आणि छोट्या खाजगी प्रयोगशाळांना असा महिना आणि असा खर्च परवडणारा नसतो. म्हणून पुढील विवेचनात उपायांपेक्षा त्यांच्या क्रमाला महत्त्व दिले आहे. प्रथिन नेमके कुठे अडते ते आधी शोधावे आणि तिथलीच गाठ सोडवावी, एवढाच त्यामागचा आग्रह आहे. वाचकाला निर्जंतुक पद्धतीने पेशी वाढवण्याचा सराव आहे, असे गृहीत धरले आहे.

मुळात सस्तन पेशींची गरज आहे का, हा प्रश्न सुरुवातीलाच निकाली काढावा. इन्सुलिनला शर्करेच्या साखळ्या लागत नाहीत, त्यामुळे १९८२ मध्ये मान्यता मिळालेले पहिले रीकॉम्बिनंट इन्सुलिन ई. कोलाय जिवाणूतून तयार झाले आणि आजही ते जिवाणू किंवा यीस्टमधूनच बनते. याउलट रक्ताची गुठळी विरघळवणारे टीपीए, तांबड्या रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपॉइटिन आणि बहुतेक प्रतिपिंडे यांना योग्य घडी, डायसल्फाइड बंध आणि मानवी वळणाचे ग्लायकोसिलेशन (शर्करेच्या साखळ्या जोडणे) आवश्यक असते. म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टीपीए सीएचओ पेशींतून आले. तुमचे प्रथिन पहिल्या गटातले असेल तर हा सगळा खटाटोप करू नये. दुसऱ्या गटातले असेल तर काम सुरू करण्यापूर्वी संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्यावी. जनुकीय बदल केलेल्या पेशींवरील काम १९८९ च्या नियमांखाली येते आणि ही परवानगी मागाहून घेण्याची बाब नाही.

पहिली पायरी: दोन आकडे काढा

अंतिम उत्पादन, म्हणजे टायटर, हे दोन गोष्टींचा गुणाकार असते. एक पेशी दिवसाला किती प्रथिन बाहेर टाकते, ही पहिली गोष्ट. तिला विशिष्ट उत्पादकता म्हणतात आणि ती पिकोग्रॅम प्रतिपेशी प्रतिदिन या एककात मांडतात. किती जिवंत पेशी किती दिवस काम करत होत्या, ही दुसरी. तिला पेशी-दिवस म्हणू. पेशी-दिवस काढणे सोपे आहे. तिसऱ्या दिवशी प्रतिमिलिलीटर २० लाख आणि चौथ्या दिवशी ४० लाख जिवंत पेशी असतील, तर त्या एका दिवसाची सरासरी ३० लाख, म्हणजे ३० लाख पेशी-दिवस. अशी रोजची बेरीज शेवटपर्यंत करत जावी.

आता दोन क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेले पेशीसमूह) घ्या. दोघांचेही टायटर लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. पहिल्याचे पेशी-दिवस प्रतिमिलिलीटर ४ कोटी आहेत, म्हणजे त्याची विशिष्ट उत्पादकता १० पिकोग्रॅम झाली. दुसऱ्याचे पेशी-दिवस १ कोटीच आहेत, म्हणजे त्याची ४० पिकोग्रॅम. टायटरच्या तक्त्यात हे दोघे शेजारी बसतात, पण त्यांची दुखणी अगदी वेगळी आहेत. पहिल्याची पेशी भरपूर वाढते, पण प्रथिन कमी सोडते; तिथे फीड बदलून फारसे हाती लागणार नाही, व्हेक्टर आणि क्लोन निवडीकडे परतावे लागेल. दुसऱ्याची पेशी चांगली आहे, तिला जगवायला हवे; तिथे माध्यम, फीड आणि तापमान यांवर केलेला खर्च वसूल होतो. चांगल्या प्रतिपिंड-क्लोनची विशिष्ट उत्पादकता साधारण २० ते ५० पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक असते, एवढा मापदंड सुरुवातीला पुरे.

हे दोन आकडे विश्वासार्ह असतील तरच पुढचे सगळे खरे. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) मोजताना प्रत्येक नमुना दोनदा मोजावा, गुठळ्या असतील तर तसे वहीत नोंदवावे आणि एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याची चाचणी) करताना नमुन्याची किमान तीन विरलने लावावीत. तिन्हींतून मूळ नमुन्याचा आकडा साधारण सारखाच निघाला नाही तर त्या दिवशीचे वाचन वापरू नये.

विशिष्ट उत्पादकता कमी निघाली तर आणखी एक तपासणी करावी. पेशी फोडून मिळालेला अर्क आणि बाहेरचे माध्यम यांचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवावा, आणि सोबत क्यूपीसीआरने एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघणारी जनुकाची नक्कल) मोजावा. एमआरएनएच कमी असेल तर दोष प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात), जनुकाच्या प्रतींत किंवा गुणसूत्रावरील जागेत आहे. एमआरएनए भरपूर आहे, पण प्रथिन आत-बाहेर कुठेच नाही, तर भाषांतराचा (एमआरएनएवरून प्रथिन बनण्याचा) किंवा विघटनाचा प्रश्न आहे. आत पट्टी जाड आणि बाहेर पुसट, तर घडी आणि स्रवण अडले आहे. आणि बाहेर चौथ्या दिवशी असलेली पट्टी सातव्या दिवशी तुटलेली दिसत असेल, तर मेलेल्या पेशींतून सुटलेली प्रोटिएज विकरे ती खात आहेत. तिथे क्लोनला दोष न देता काढणी लवकर करावी.

पेशींचा साठा आणि त्याची राखण

सीएचओ पेशी १९५७ मध्ये थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टरच्या बीजकोशातून वेगळ्या केल्या. एचईके २९३ ही रेषा १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे तयार झाली. आपल्याकडे संशोधनासाठी पेशीरेषा मिळवण्याचे जवळचे ठिकाण म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. मात्र सस्पेन्शनमध्ये (द्रवात तरंगत), सीरमविरहित माध्यमात वाढण्याची सवय लावलेल्या व्यावसायिक उत्पादन-रेषांना स्वतंत्र परवाना लागतो, तो करार आधी वाचून घ्यावा.

पेशी आल्यावर पहिले काम प्रयोगाचे नसून बँकेचे असते. पेशी वाढीच्या जोमात आणि ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असताना, प्रत्येक कुपीत सुमारे १ कोटी पेशी, साडेसात ते दहा टक्के डीएमएसओ या गोठणरक्षकासह, मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवाव्यात आणि नंतर द्रवरूप नत्राच्या बाष्पात ठेवाव्यात. मूळ बँक वेगळी आणि रोजच्या वापराची बँक वेगळी असावी.

द्रवरूप नत्राबद्दल मराठवाड्यात एक सोय आहे, तिचा विसर पडू देऊ नये. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठीत रेतमात्रा याच नत्रात साठवल्या जातात, त्यामुळे त्याचा पुरवठा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पोचलेला असतो. आपला पुरवठादार सणासुदीला किंवा पावसाळ्यात दगा देतो, तेव्हा परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधीपासून केलेली ओळख कामी येते. पातळी तपासण्याची पद्धतही त्या मंडळींकडून शिकण्यासारखी आहे: कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत काही सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची आणि पांढरे दव जिथपर्यंत धरेल तो आकडा वहीत लिहायचा. हे ठरलेल्या वारी करावे. डबा हलका वाटतो का, या अंदाजावर बँक सोडू नये.

मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी दर महिन्याला आणि प्रत्येक नव्या पेशीरेषेच्या आगमनाला करावी. हा जीव माध्यम गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याला काही करत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. तो अमिनो आम्ले खातो, वाढ मंदावतो, उत्पादन पाडतो, आणि तुम्ही मात्र फीड बदलत बसता. रोजच्या कल्चरमध्ये प्रतिजैविक घालण्याची सवय याच कारणाने सोडावी; ते अस्वच्छ हात झाकते, बाकी काही करत नाही.

जनुक आणि व्हेक्टर

इथे तपासायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण प्रत्येकीची किंमत मोठी आहे. सुरुवातीच्या एटीजीच्या आधी जीसीसीएसीसी आणि नंतर जी, असा, भाषांतराची सुरुवात पक्की करणारा कोझॅक क्रम आहे का, ते सिक्वेन्सिंगमध्ये स्वतः वाचावे. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला बाहेरच्या वाटेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा) दोन-तीन वेगवेगळी लावून पाहावीत. एकाच प्रथिनाचे स्रवण केवळ ते बदलल्याने लक्षणीय वाढल्याचे अनेकदा दिसते आणि हा प्रयोग एचईके पेशींत आठवड्याभरात होतो. कोडॉन सुधारणेचा (प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षरे पेशीला सोयीची करण्याचा) बोलबाला मात्र माझ्या मते गरजेपेक्षा जास्त आहे. जनुक कृत्रिमरीत्या बनवून घेणारच असाल तर ती जरूर करून घ्यावी, पण उत्पादन कमी आहे म्हणून केवळ तेवढ्यासाठी जनुक पुन्हा मागवण्याआधी वर सांगितलेला ब्लॉट करावा.

सीएमव्ही या विषाणूचा प्रमोटर तात्पुरत्या उत्पादनात (जनुक गुणसूत्रात न बसवता) उत्तम चालतो, पण स्थिर क्लोनमध्ये (जनुक गुणसूत्रात बसलेल्या) काही महिन्यांत मेथिलेशनने (डीएनएवर रासायनिक खूण बसून) तो गप्प पडू शकतो. दीर्घकाळासाठी ईएफ-१ अल्फा प्रमोटर किंवा जनुकाभोवती क्रोमॅटिन उघडे ठेवणारे यूसीओईसारखे घटक विचारात घ्यावेत. प्रतिपिंड बनवत असाल तर जड आणि हलक्या साखळीचे प्रमाण तपासावे: जड साखळी हलकी साखळी भेटेपर्यंत घडी घालायला मदत करणाऱ्या बीआयपी या प्रथिनाला चिकटून आतच अडकून राहते, त्यामुळे हलकी साखळी थोडी जास्त असलेली बरी.

तात्पुरते उत्पादन: एचईके २९३

काही मिलिग्रॅमच हवे असतील, किंवा दहा रचनांतून एक निवडायची असेल, तर स्थिर क्लोनच्या मागे लागू नये. आदल्या दिवशी पेशी ताज्या माध्यमात घ्याव्यात, म्हणजे ट्रान्स्फेक्शनच्या (पेशींत डीएनए सोडण्याच्या) दिवशी त्या प्रतिमिलिलीटर २० ते २५ लाख आणि ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असतील. कल्चरच्या प्रत्येक मिलिलीटरला १ मायक्रोग्रॅम डीएनए आणि ३ मायक्रोग्रॅम रेषीय पीईआय (डीएनए पेशीत नेणारे पॉलिमर), दोन्ही स्वतंत्रपणे माध्यमात विरळ करून मग एकत्र करावेत, दहा ते पंधरा मिनिटे ठेवावेत आणि थेंबथेंब पेशींत सोडावेत. मिश्रण जास्त वेळ ठेवले की कण मोठे होतात आणि कार्यक्षमता घसरते, म्हणून घड्याळ लावून काम करावे. दुसऱ्या दिवशी सुमारे ३.५ मिलिमोलर व्हॅल्प्रोइक आम्ल घातल्यास उत्पादन बऱ्याचदा वाढते. काढणी पाचव्या ते सातव्या दिवशी करावी.

ट्रान्स्फेक्शन अचानक फसू लागले तर तीन संशयित आधी पाहावेत. माध्यमात गुठळ्या रोखणारे डेक्स्ट्रान सल्फेट किंवा हेपरिन असेल तर ते पीईआयला पकडून ठेवते. माध्यमाचे नाव बदलले नसले तरी बाटलीवरील घटक वाचावेत. पीईआय वारंवार गोठवून वितळवले असेल तर नवी कुपी काढावी. प्लाझमिडमध्ये (व्हेक्टरच्या वर्तुळाकार डीएनएत) एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचे विष असेल तर शुद्धीकरण पुन्हा करावे.

स्थिर क्लोन: सीएचओ

सीएचओसाठी मुख्य निवडपद्धती दोन. १९८० मध्ये संशोधक ऊर्लॉब आणि चेसिन यांनी तयार केलेल्या डीएचएफआर-विरहित (वाढीला लागणारे हे विकर नसलेल्या) पेशींत ते जनुक आपल्या जनुकासोबत घालून, त्या विकराला रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेटची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवून जनुकाच्या प्रती वाढवतात. हा मार्ग खात्रीचा आहे, पण त्यात महिने जातात. दुसऱ्या, ग्लुटामिन सिंथेटेज पद्धतीत ग्लुटामिनविरहित माध्यम आणि साधारण २५ ते ५० मायक्रोमोलर एमएसएक्स (ग्लुटामिन बनवणारे विकर रोखणारे द्रव्य) वापरतात आणि बहुधा एकाच फेरीत काम भागते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरी निवडावी. निवडीच्या पहिल्या पंधरवड्यात जिवंत पेशींचे प्रमाण कोसळते. घाबरून दाब कमी करू नये, वाचलेल्या पेशीच आपल्या कामाच्या असतात.

मर्यादित विरलनाने क्लोन वेगळे करताना प्रत्येक खाचेत सरासरी अर्धी पेशी घातली, तर गणिताप्रमाणे ६१ टक्के खाचा रिकाम्या राहतात, ३० टक्क्यांत एक आणि ९ टक्क्यांत दोन किंवा अधिक पेशी पडतात. म्हणजे वाढ दिसलेल्या खाचांपैकी सुमारे ७७ टक्केच खरोखर एका पेशीपासूनच्या. सरासरी ०.२ वर आणली तर हे प्रमाण ९० टक्क्यांवर जाते, पण प्लेटा कितीतरी जास्त लागतात. शिवाय हे गणित पेशी सुट्या असतील तरच लागू पडते. दोन पेशींची चिकटलेली जोडी त्याला दाद देत नाही. म्हणून विरलनाच्या दोन फेऱ्या कराव्यात, किंवा पहिल्या रात्रीच प्रत्येक खाचेचे छायाचित्र घ्यावे.

निवडीत सर्वांत जास्त नुकसान होते ते घाईने. ९६ खाचांच्या स्थिर प्लेटेत पहिला आलेला क्लोन हलत्या, फीड दिलेल्या फ्लास्कमध्ये बऱ्याचदा मागे पडतो. म्हणून प्लेटेतून वीस-पंचवीस क्लोन पुढे न्यावेत आणि अंतिम क्रमवारी फेड-बॅचमधूनच (वेळोवेळी फीड देत चालवलेल्या कल्चरमधून) लावावी.

कल्चर: फीड, उन्हाळा आणि वीज

विशिष्ट उत्पादकता समाधानकारक आहे, पण पेशी-दिवस कमी पडतात, असे निश्चित झाल्यावरच या टप्प्याला हात घालावा. १२५ मिलिलीटरच्या फ्लास्कमध्ये ३० ते ४० मिलिलीटर कल्चर, २५ मिलिमीटर व्यासाच्या कक्षेत फिरणाऱ्या शेकरवर मिनिटाला १२० ते १३० फेरे, ५ ते ८ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि सुरुवातीला प्रतिमिलिलीटर ३ लाख पेशी, ही सुरुवात ठीक आहे. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड कल्चरच्या ३ ते ५ टक्के फीड द्यावे आणि ग्लुकोज लिटरला २ ते ६ ग्रॅमच्या दरम्यान राखावे. टायरोसिन आणि सिस्टिन उदासीन सामूला नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यांचे फीड वेगळे आणि अल्कधर्मी असते. ते मुख्य फीडमध्ये मिसळून ठेवले तर बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो आणि पेशी उपाशी राहतात.

रोज ग्लुकोज, लॅक्टेट, सामू आणि शक्य असेल तर ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) मोजावी. ती ४०० मिलिऑस्मोल प्रतिकिलोच्या पुढे गेली की वाढ मंदावते. अमोनिया ५ मिलिमोलरच्या आसपास पोचला की वाढीला तर झळ बसतेच, ग्लायकोसिलेशनमधील सियालिक आम्लही घटते. इथे उन्हाळ्याचा थेट संबंध येतो. ग्लुटामिन उष्णतेत आपोआप विघटित होऊन अमोनिया सोडते, आणि मे महिन्यात मुंबईहून किंवा हैदराबादहून निघालेली माध्यमाची बाटली दोन दिवस तापलेल्या कुरिअरच्या गाडीत राहिली, तर ती प्रयोगशाळेत पोचते तेव्हाच दोष घेऊन येते. मार्च ते जून या काळात ग्लुटामिनविरहित माध्यम मागवून ग्लुटामिन वापराच्या दिवशी घालावे, किंवा अलानिल-ग्लुटामिनचे स्थिर रूप वापरावे. इनक्यूबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बोअरचे किंवा नळाचे पाणी घालू नये; क्षार बसतात आणि क्लोरीनने स्टीलला गंज धरतो. ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे.

वाढीचा टप्पा संपताना, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी, तापमान ३७ वरून ३२ किंवा ३३ अंशांवर आणणे हा कमी खर्चाचा आणि बहुधा फलदायी उपाय आहे. पेशी विभाजन थांबवतात, जास्त दिवस जगतात आणि अनेक क्लोनमध्ये विशिष्ट उत्पादकता वाढते. स्रवण अडलेल्या प्रथिनालाही घडी घालायला सवड मिळते. पण साध्या कार्बन डायऑक्साइड इनक्यूबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही, आणि नियंत्रणासाठी त्याला आतले तापमान खोलीपेक्षा साधारण पाच अंश जास्त लागते. बाहेर ४३ अंश आणि खोलीत ३४ अंश असताना पडद्यावर ३२ ठरवले, तरी आत ३२ कधीच होत नाही. खोली २६-२७ अंशांवर ठेवणारा एसी किंवा शीतकरणाची सोय असलेला शेकर नसेल, तर हा प्रयोग हिवाळ्यात करावा. दोन्ही ऋतूंतली आकडेवारी एकाच आलेखात मांडू नये.

सोडियम ब्युटिरेट ०.५ ते २ मिलिमोलर मात्रेत उत्पादकता वाढवते, पण पेशींना मरणाकडेही ढकलते. ते शेवटच्या दोन-तीन दिवसांपुरतेच वापरावे. तापमान बदलण्याचा दिवस आणि फीडचे प्रमाण एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे एकेक घटक बदलण्यापेक्षा दोन्हींच्या जोड्या एकाच तुकडीत लावाव्यात. काहीही न बदललेला फ्लास्क मात्र प्रत्येक तुकडीत असलाच पाहिजे.

आता विजेबद्दल. वीज गेल्यावर बहुतेकांना काळजी वाटते ती तापमानाची, आणि ती चुकीच्या जागी असते. दार बंद ठेवले तर इनक्यूबेटर बराच वेळ ऊब धरून राहतो. खरा घात शेकर थांबल्याने होतो. प्रतिमिलिलीटर १ कोटी पेशी असलेले कल्चर माध्यमात विरघळलेला सगळा प्राणवायू काही मिनिटांत संपवते, पेशी तळाला बसतात आणि लॅक्टेट चढते. म्हणून यूपीएसची मर्यादित क्षमता आधी शेकरला द्यावी, मग इनक्यूबेटरला. वीज परतल्यावर शेकर आपोआप सुरू होतो की बटण दाबण्याची वाट पाहत राहतो, हे खरेदीच्या वेळीच करून पाहावे. प्रत्येक खंडाची वेळ आणि कालावधी कल्चरच्या नोंदवहीतच लिहावा, कारण सहाव्या दिवशी दिसणाऱ्या लॅक्टेटच्या उसळीचे कारण दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडत नाही.

काढणी आणि स्थिरता

जिवंत पेशींचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांवर आले की काढणी करावी. आणखी दोन दिवस थांबून टायटर थोडे वाढते, पण फुटलेल्या पेशींतले डीएनए, प्रोटिएज आणि डायसल्फाइड बंध तोडणारी विकरे शुद्धीकरणात त्याची पुरेपूर वसुली करतात. सेंट्रिफ्यूजमध्ये आधी कमी वेगाने पेशी बसवाव्यात, मग जास्त वेगाने कचरा, आणि नंतर ०.२२ मायक्रॉनमधून गाळून द्रव लगेच थंड करावा. प्रतिपिंडाच्या बाबतीत नॉन-रिड्यूसिंग (डायसल्फाइड बंध न तोडणाऱ्या) जेलवर अखंड पट्टीऐवजी तुकडे दिसले तर दोष क्लोनचा नसून साठवणीचा असू शकतो.

अंतिम दोन-तीन क्लोनमधून एक निश्चित करण्याआधी त्यांना साधारण ६० पिढ्या, म्हणजे दिवसाला एक दुप्पट धरली तर दोन महिने, सातत्याने वाढवावे. निवडीचा दाब असलेली आणि नसलेली अशी दोन्ही कल्चर शेजारी चालवावीत. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी फेड-बॅच लावून विशिष्ट उत्पादकता मोजावी. ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त घसरली तर तो क्लोन कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवावा, आणि घसरणीचे कारण प्रमोटर गप्प पडणे आहे की प्रती गळणे, हे एमआरएनए आणि जनुकाच्या प्रती दोन्ही मोजून ठरवावे. पुढचा व्हेक्टर कसा बांधायचा ते त्यावरून ठरते.